लाल टोप

मे महिन्यातली दुपार. या वेळी वर्ध्याच्या रस्त्यावर कुत्रंही सावली सोडत नाही. सुट्टीसाठी हिंगणघाटहून आलेला माझा भाचा कूलरच्या पुढ्यात आडवा पडलेला, मोबाइल नाकाशी. मी म्हटलं, "ऊठ, मठ्ठा घे." मान न वळवता म्हणाला, "मामा, थांबा ना दोन मिनिटं. मरून जाईल मी."

स्वयंपाकघरातून आई कडाडली, "काहून असं अभद्र बोलतं रे पोट्ट्या?"

मरणार होता तो त्याचा खेळातला माणूस. खेळाचं नाव 'ओल्ड स्कूल रूनस्केप'. मूळ रूनस्केप २००१ सालचा, इंग्लंडातल्या गोवर बंधूंनी सुरू केलेला. हा जुन्या वळणाचा अवतार २०१३ मध्ये आला आणि २०१८ पासून तो मोबाइलवर मिळतो. चित्रं इतकी ओबडधोबड की पोळ्याचे लाकडी नंदी बरे. पण या मुलखात हजारो माणसं एकाच वेळी वावरतात. लाकडं तोडतात, मासे धरतात, खाणीतून तांबं काढतात, राक्षस मारतात आणि मिळालेलं सगळं एका मोठ्या बाजारात एकमेकांना विकतात.

भाचा त्या बाजारात पाय ठेवत नव्हता. त्याच्या माणसाच्या डोक्यावर लाल टोप होता. लाल टोप म्हणजे 'हार्डकोअर आयर्नमॅन'. कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. तलवार हवी तर खनिज स्वतः खणा, स्वतः वितळवा, स्वतः ठोका. आणि जीव एकच. एकदा मेलात की टोपाचा लाल रंग जाऊन तो करडा होतो. खेळ पुढे चालतो, पण मानाच्या यादीत नावावर काट बसते ती कायमची.

मला गंमत वाटली ती या पद्धतीच्या जन्माची. सुरुवातीला काही खेळाडूंनीच हे पथ्य आपणहून पाळायला घेतलं होतं. बाजारातून सगळं आयतं मिळतं, त्यात मजा काय, म्हणून. कंपनीनं ते पाहिलं आणि २०१४ मध्ये आयर्नमॅनचा अधिकृत नियम केला, २०१६ मध्ये लाल टोप आणला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या खेळातही तीच कथा. तिथे एकाच जीवाचे अधिकृत सर्व्हर ऑगस्ट २०२३ मध्ये उघडले, आणि पुढच्या वर्षी देवघेव बंद असलेला 'सेल्फ-फाउंड' प्रकार आला. ज्यांना सगळं विकत मिळू शकतं त्यांनी न घेण्याचं व्रत घ्यायचं, ही गोष्ट रूनस्केपच्या केम्ब्रिजमधल्या कंपनीला नवी असेल. वर्ध्याच्या माणसाला कशी असणार?

इथून नागपूरच्या रस्त्यानं निघालं की थोड्याच वेळात धाम नदी आणि पवनार. विनोबा १९३८ साली प्रकृतीसाठी तिथे राहायला गेले. धाम नदीच्या पलीकडचं म्हणून ते परंधाम. १९५० साली तिथे कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. आश्रमाच्या व्यवहारातून पैसाच काढून टाकायचा. सुरुवात भाजीपासून झाली. बाजारातून भाजी आणायची नाही. मग भाजी पिकवायला पाणी हवं, म्हणून विहीर खणा. विहिरीवर रहाट, पण तो ओढायला बैल नाही, माणसंच. शेतीही कुदळ-फावड्यानं. तिला नाव दिलं ऋषीखेती. याच जमिनीत खणताना भरत-रामभेटीचं प्राचीन शिल्प हाती लागलं, ते आजही आश्रमात पाहायला मिळतं. हे सांगितलं तेव्हा भाच्यानं प्रथमच मोबाइल बाजूला ठेवला. "म्हणजे रेअर ड्रॉप होता ना तो!" खेळात क्वचितच हाती लागणाऱ्या वस्तूला ते असं म्हणतात.

मग त्याला नियमात रस वाटू लागला. विनोबा दुकानातून घेऊ शकत होते का? नाही. मग ते आपल्यापेक्षा कडक, हे त्यानं लगेच मान्य केलं. कारण त्याच्या खेळात लाल टोपवाल्यालाही सोन्याची नाणी चालतात, खेळातल्या दुकानदारांकडून खरेदी चालते. फक्त नाणी स्वतः मिळवलेली हवीत. अल्टिमेट आयर्नमॅन नावाचा आणखी एक पंथ आहे, पांढऱ्या टोपाचा. त्याला पेढीत काही ठेवताच येत नाही. पाठीवरच्या पिशवीत अठ्ठावीस वस्तू मावतात, तेवढाच संसार. सेवाग्रामच्या प्रार्थनेत रोज म्हटल्या जाणाऱ्या एकादश व्रतांमधला अपरिग्रह असा कुणा संगणकवाल्यानं आकड्यात बसवला असेल, असं मला वाटलं नव्हतं.

व्रताची एक अडचण असते, त्यावर पहारा कुणी ठेवायचा? १९२४ साली काँग्रेसनं सभासदत्वासाठी महिन्याला दोन हजार यार्ड सूत कातण्याची अट घातली. गांधीजी अध्यक्ष होते, बेळगावचं अधिवेशन होतं. पण तडजोडीत एक खिडकी उघडी राहिली. आजारपण असेल किंवा कातायची इच्छा नसेल, तर दुसऱ्यानं कातलेलं तेवढंच सूत दिलं तरी चालेल. इच्छा नसेल तर! पुढच्याच वर्षी ती अट ढिली करावी लागली. रूनस्केपमध्ये अशी खिडकी नाही. दुसऱ्यानं टाकलेली वस्तू लाल टोपवाला उचलायला गेला तर खेळ ती उचलूच देत नाही. व्रत मोडायची सोयच ठेवली नाही, तर त्याला व्रत म्हणावं का, हा वाद मी भाच्याशी घातला नाही. सूत मात्र मला टाळता आलं नाही.

झालं असं की त्याच्या आग्रहानं मीही एक माणूस तयार केला. नवख्याला आधी एका बेटावर शिकवतात. जाळ्यानं कोळंबी धर, लाकूड तोड, चूल पेटव, भाज. माझी पहिली कोळंबी करपली. नंतर कणीक मळून भाकरीसारखं काही भाजायचं, कथील आणि तांबं खणून काशाची सुरी ठोकायची. बेटावरून सुटलो की लंब्रिज नावाचं गाव. तिथल्या गढीत वरच्या मजल्यावर चक्क चरखा ठेवलेला आहे! फ्रेड नावाच्या शेतकऱ्याचं पहिलं काम तेच, मेंढ्या कातरून लोकरीचे वीस गुंडे कातून द्यायचे.

आमच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा. पेळू हातात धरून टकळी फिरवताना सूत दर हातभर अंतरावर तुटायचं. चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची लटी, सहाशे चाळीस तारांची गुंडी. पवनारला १२ फेब्रुवारीच्या मेळ्यात एक गुंडी सूतांजली वाहायची, तर माझी गुंडी आई रात्री बसून पुरी करायची. म्हणजे मी वयाच्या अकराव्या वर्षीच १९२४च्या खिडकीतून आत शिरलेला. आता साठीला आल्यावर लंब्रिजच्या गढीत मी एका बोटानं कातत होतो आणि सूत तुटत नव्हतं. आईनं चष्मा वर करून पाहिलं. "याला हात दुखत नाही, मंग ते कातनं कसं?"

माझा पहिला माणूस अडीच दिवस जगला. व्हॅरॉक शहराच्या दक्षिणेला रस्त्याकडेला काळे जादूगार उभे असतात. ते न छेडता अंगावर येतात. माझ्या अंगी दहा-बारा प्राणांश आणि पिशवीत भाजलेली कोळंबी. एक खाल्ली की तीन प्राणांश परत येतात. मी खात राहिलो, ते मारत राहिले. पळायचं सुचलंच नाही. भाचा म्हणाला, "मामा, लढता येणं नंतर. आधी निघता आलं पाहिजे." मग त्यानं सगळं शास्त्र सांगितलं. शत्रूचा मोठ्यात मोठा फटका किती हे आधी ठाऊक हवं, आणि आपला जीव तसल्या दोन फटक्यांच्या खाली कधी येऊ द्यायचा नाही. खेळाची नाडी शून्य पूर्णांक सहा सेकंदांची आहे, घडतं ते त्या ठोक्यावर. प्रार्थनेचं बळ त्रेचाळीसपर्यंत नेलं की तलवारीच्या घावापासून रक्षण मिळतं, आणि ते बळ मेलेल्यांची हाडं पुरून वाढतं. (आईला एवढा एकच नियम पटला.) नेट डळमळत असेल त्या दिवशी कोळंबीच धरायची. ढग दाटून आले, वीज जायची चिन्हं दिसली, तर शहाण्यानं गढीत परत यावं.

हे सगळं त्याला कुणी शिकवलं? इतर लाल टोपवाल्यांनी. वस्तू घ्यायला बंदी आहे, सांगणं घ्यायला नाही. एरवी घरात कुणाला काही न विचारणारा हा मुलगा रात्र रात्र अनोळखी लोकांना विचारत बसतो, आणि तेही ओंजळीनं सांगतात. घरी याच्या नेमकं उलट असतं. मोबाइल मामानं द्यावा, सल्ला देऊ नये. पवनारलाही वाट अगदी बंद नव्हती. पैसा नको, पण बाहेरून येऊन कुणी कुदळ धरली तर त्याला ना नव्हती. हात चालायचे. भाच्याच्या खेळात हातही चालत नाहीत, आणि तिथेच मला तो जरा कोरडा वाटतो.

पुढे १९५१च्या मार्चमध्ये विनोबा पायी निघाले, शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला, आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं. कांचनमुक्तीचं बोलणं आमच्या जिल्ह्यात आता फारसं कानावर येत नाही. इथला शेतकरी बियाणं विकत आणतो, खत विकत आणतो, फवारणीचं औषध विकत आणतो, भाजीसुद्धा आठवडी बाजारातून आणतो. कपाशीचं पहिलं पेरलेलं मेलं तर तिला दुसरा जीव मिळतो, त्याला दुबार पेरणी म्हणतात. तो जीव उधारीचा असतो. माणसाच्या बाबतीत काय होतं ते वर्ध्यात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून 'परमाडेथ', म्हणजे खेळातलं कायमचं मरण, हा शब्द भाच्यानं सहज उच्चारला तेव्हा मी उठून कूलरची कळ उगाच खालीवर केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचा निकाल लागला. ओबोर नावाचा एक मोठा राक्षस आहे, त्याच्या दाराला किल्ली लागते, आणि ती टेकडीवरचे राक्षस मारताना साधारण एकशे अठ्ठावीसात एकदा मिळते. भाच्याला मिळाली ती तीनशेच्या पुढे. पाच महिन्यांचा लाल टोप, ठोकून केलेलं चिलखत, पिशवीभर भाजलेले मासे. वीज होती, नेट होतं, आभाळ निरभ्र होतं. तो आत गेला आणि आईनं हाक मारली, "कूलरमंधी पानी टाक रे बापू, मले बादली उचलत नाही."

तो उठला. खाटेवर ठेवलेला मोबाइल मी पाहत होतो. काय दाबायचं ते मला कळेना, आणि कळलं असतं तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही असंच मला वाटत होतं. दोन बादल्या होईपर्यंत टोप करडा झालेला. परत येऊन त्यानं पाहिलं, शर्टाला हात पुसले, काही बोलला नाही. आईच रडवेली झाली. "दुसरा घे ना रे. मी पैसे देतो." वऱ्हाडी बोलणाऱ्या जुन्या बाया 'देतो'च म्हणतात. तो हसला. "विकत नाही मिळत आजी."

संध्याकाळी गोलबाजारातून गोरसपाक आणला. तो खात खात भाचा पुन्हा बेटावर उतरला, जाळं घेतलं, पहिली कोळंबी करपवली. माझा दुसरा माणूस अजून जिवंत आहे. काळ्या जादूगारांचा रस्ता मी लांबून टाळतो. फ्रेडचं काम मात्र अडलंय. वीसपैकी चौदा गुंडे कातून झाले, सहा बाकी आहेत. कात्री लावायला गेलं की मेंढी कधीकधी निसटून पळते.