जादा एफएसआय: फुटांचा हिशेब झाला, हवा-उजेडाचे काय?

पुनर्विकासाच्या सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: घर किती फुटांचे? मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये अशा बऱ्याच सभांना आम्ही बसलो आहोत. खिडकी कुठे उघडणार, हे विचारणारी बहुधा एखादी आजी असते आणि तिला पोरेच गप्प करतात.

झोपु योजनेत पात्र कुटुंबाला ३०० चौरस फुटांचे घर मिळते. वरळीच्या बीडीडी चाळीत ५०० मिळाले, मग आपल्याला का नाही, असे तरुण विचारतात. तिथे जमीन सरकारी, काम म्हाडाकडे आणि नियमही वेगळा. आपल्याकडे २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(१०) लागतो. एफएसआय ४ किंवा त्याहून जास्त, हेक्टरी किमान ६५० घरे. पुनर्वसनाचे बांधकाम जितके, त्या प्रमाणात बिल्डरला विकायला बांधकाम. म्हणजे गरिबांची घरे जितकी दाटीने एका कोपऱ्यात बसतील, तितकी विक्रीच्या टॉवरला जागा मोकळी.

जादा एफएसआयला आमचा सरसकट विरोध नाही. त्याशिवाय मोफत घराचे गणित जुळत नाही, आणि ‘गर्दी वाढेल’ ही सोसायटीवाल्यांची तक्रार अनेकदा ‘ही माणसे शेजारी नकोत’ एवढ्याच अर्थाची असते. आमचा प्रश्न दाटी कोणाच्या वाट्याला येते, हा आहे.

गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये प्रकल्पग्रस्तांना वसवले गेले. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवून दिले की ऊन-वारा न पोचणाऱ्या या खालच्या घरांत क्षयरोग जास्त आहे. झोपडीतून पक्क्या घरात गेलेली माणसे तिथे आजारी पडली.

एफएसआयचा नियमच बदलायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते, हरकतींसाठी महिनाभर मिळतो. पण इमारतींमधले अंतर कमी करण्याची सवलत एकेका प्रकल्पापुरती फाइलवर मंजूर होते. तिची जाहिरात येत नाही, सभा होत नाही. दुसरीकडे योजनेला ५१ टक्के संमती पुरते, आणि संमतीपत्रावर सही करताना नकाशा बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो.

म्हणून सहीआधी पुनर्वसन इमारतीचा नकाशा मागा: दोन इमारतींत अंतर किती, तळमजल्याच्या खोलीला ऊन कुठून येणार, विहार आणि बालवाडी कुठे. आर्किटेक्टने मागितलेल्या सवलतींची यादी झोपु प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज मराठीतच करा.