अंत्रमान : ग्रंथातले आणि रुग्णाचे

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात पुरुषाच्या अंत्रांची लांबी साडेतीन व्याम सांगितली असून स्त्रियांच्या बाबतीत ती अर्ध्या व्यामाने कमी मानली आहे. दोन्ही बाहू पसरले असता होणारे अंतर म्हणजे व्याम. ते साधारणतः व्यक्तीच्या उंचीइतके भरते. म्हणजे साडेपाच फूट उंचीच्या पुरुषाची अंत्रे सुमारे १९ फूट. हा आकडा आधुनिक मोजमापाच्या जवळ जातो, असे सांगून आमच्या परिषदांत टाळ्या मिळवल्या जातात. आम्हांस या जुळणीचे फारसे कौतुक वाटत नाही.

२०२३ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनातील संशोधकांनी देहदानातून मिळालेल्या ४५ शरीरांतील अंत्रे मोजून प्रसिद्ध केली. त्यांत स्त्रियांचे लघ्वंत्र पुरुषांपेक्षा लांब आढळले. पूर्वीच्या काही मोजण्या मात्र सुश्रुतांच्या बाजूने आहेत. जुळेल ते मिरवावे आणि न जुळेल ते झाकावे, हे शास्त्रनिष्ठेस शोभत नाही. मृत्यूनंतर स्नायूंचा ताण जाऊन आतडे लांबते, हेही ध्यानी घ्यावे. व्यक्तिव्यक्तींत लघ्वंत्र तीन मीटरपासून आठ मीटरपर्यंत आढळते. मग सरासरी कोणाच्या कामाची? सुश्रुतांचे मोठेपण आकड्यात नसून, मापाची काठी रुग्णाच्याच बाहूंची आणि अंगुलींची ठेवण्यात आहे.

शस्त्रक्रियेत किती आतडे काढले यापेक्षा किती उरले, हा प्रश्न महत्त्वाचा. उरलेले लघ्वंत्र २०० सेंटीमीटरहून कमी असल्यास पोषणाची गंभीर अडचण उद्भवू शकते. त्याचा शेवटचा भाग गेला तर बी-१२ आणि पित्तक्षार यांचे शोषण बिघडते. असा रुग्ण द्रवमलाची तक्रार घेऊन येतो आणि आम्ही ग्रहणी समजून कुटज सुरू करतो! शस्त्रक्रियेची टिपणे मागवून वाचल्याविना अशा रुग्णास विरेचन अथवा बस्ती देणे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते.

गुदाच्या बाबतीत तर मापाचे मोल अधिकच. अर्शोनिदानात गुद साडेचार अंगुळे आणि त्यात दीड-दीड अंगुळाच्या अंतराने प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी या तीन वली सांगितल्या आहेत. आज मलाशयाच्या कर्करोगाचा शल्यचिकित्सक तोच प्रश्न विचारतो : गाठ गुदौष्ठापासून किती वर, संकोचक स्नायूंपासून किती दूर? नैसर्गिक मलमार्ग राखता येईल की पोटावर कायमचा मार्ग करावा लागेल, हे बव्हंशी त्यावर ठरते. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील शल्यचिकित्सक हील्ड यांनी १९८२ साली मलाशयाभोवतीचे मेदयुक्त वेष्टन त्याच्या आवरणासह अखंड काढण्याचे महत्त्व मांडले. त्या पद्धतीने रोगाचे स्थानिक पुनरुद्भव पुष्कळ घटले. आता शस्त्रक्रियेपूर्वीच एमआरआयवर गाठीपासून त्या आवरणापर्यंतचे अंतर मोजतात. ते एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरल्यास सामान्यतः प्रथम किरणोपचार व रसायनोपचार योजले जातात.

एका मिलिमीटरवर असे निर्णय होत असताना आमच्या चिकित्सालयांत काय चालते? गुदावाटे रक्त म्हणजे अर्श, असे ऐकूनच निदान होते. क्षारसूत्र करणाऱ्या वैद्यांचा अपवाद सोडला, तर गुदपरीक्षेसाठी हातमोजा चढवणारे किती? दोन मिनिटांचे काम. पण रुग्णाला संकोच, आणि खरे बोलायचे तर वैद्यालाही. बोटाच्या टप्प्यातली गाठ त्याच दोन मिनिटांत हाती लागते. बोटास काहीच लागले नाही म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही. वरच्या भागासाठी दुर्बिणीची तपासणी हवीच, विशेषतः मलप्रवृत्तीची सवय बदलली असेल, वजन घटत असेल वा पांडुता दिसत असेल तर.

औषधी विक्रेत्या बंधूंकडेही आमचे एक मागणे आहे. मूळव्याधीच्या गोळ्यांची तिसरी डबी नेणाऱ्यास, कोणा वैद्याने प्रत्यक्ष तपासले आहे काय, एवढे जरूर विचारावे. एखादी डबी कमी खपेल.

संघटनेने आपल्या छापील रुग्णपत्रिकेत दोन रकाने वाढवावेत, असे आम्ही सुचवितो : गुदपरीक्षेत आढळलेल्या विकृतीचे गुदौष्ठापासूनचे अंतर सेंटीमीटरमध्ये, आणि पूर्वी अंत्रशस्त्रक्रिया झाली असल्यास उरलेल्या अंत्राची लांबी. दुसरा रकाना पुष्कळदा रिकामा राहील, कारण शस्त्रक्रियेच्या टिपणांतही ती लांबी नेहमीच नोंदलेली नसते. तेव्हा संबंधित शल्यचिकित्सकास पत्र लिहून ती विचारावी.