कोरडवाहू ज्वारीला फवारणीच्या खर्चात ओढू नका



रब्बीच्या तोंडावर मोबाइलवर फवारणीची वेळापत्रके फिरू लागतात. गहू असो की ज्वारी, विहिरीला पाणी असो वा नसो, दोन-तीन बुरशीनाशके ठरलेलीच. या सरसकट सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

बागायती गव्हाचे एक वेळ समजू शकते. तांबेरा वाऱ्यावर येतो; पानावरून बोट फिरवले की नारिंगी पूड लागते. ती दिसताच प्रोपिकोनॅझोल लिटरला 1 मिली, म्हणजे एकरी 200 लिटर पाण्यात 200 मिली फवारले, तर जोमदार पिकात खर्च निघतो. पीक पिवळे पडल्यावर मात्र तेच औषध वाया. शिवाय त्र्यंबक, तपोवन असे निफाडचे प्रतिकारक वाण वेळेवर पेरले, तर ही पाळी सहसा येत नाही.

जिरायती ज्वारीचे गणित निराळे. तिचा खरा वैरी खडखड्या. कणीस भरताना जमिनीतली ओल तुटली की ताटे बुंध्याशी मोडून लोळतात. असे ताट उभे चिरून पाहा : आतला गर गेलेला, धागे सुटे आणि त्यांवर कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके. ही बुरशी मातीतून मुळावाटे शिरते. पानांवर मारलेले औषध तिथे पोहोचणार कसे? तरीही लोळलेल्या ज्वारीसाठी दुकानातून महागडी बाटली गळ्यात मारली जाते. फवारायला पाणी टँकरने आणायचे, मजुरी वेगळी, आणि औषध बसलेला कडबा पुन्हा जनावरांपुढेच टाकायचा! त्यापेक्षा ताटांची दाटी कमी ठेवा, पेरणीनंतर आठव्या आठवड्यात दातेरी कोळपे फिरवून भेगा बुजवा, जमले तर एखादे संरक्षित पाणी द्या.

कोरडवाहूत पैसा घालायचाच, तर बियाण्यावर घाला. दाणे काणीपासून वाचवायला 300 मेश गंधक किलोला 4 ग्रॅम चोळतात. एकरी 4 किलो बियाण्याला अवघे 16 ग्रॅम! पण पेरणीच्या आठवड्यात त्याची छोटी पुडी दुकानात मागितली, तर मिळत नाही. मोठ्या बाटल्या मात्र फळीवर रांगेने उभ्या असतात.

कृषी विभागाने शिफारशी बागायती आणि जिरायती अशा वेगळ्या छापाव्यात. प्रत्येक फवारणीपुढे औषध, पाणी, मजुरी धरून खर्च लिहावा आणि तो भरून यायला किती किलो जादा धान्य पिकले पाहिजे, तेही सांगावे. आणि गंधकाच्या पुड्या ऑगस्टअखेर गावोगावी पोहोचवाव्यात. मालदांडी ज्वारीची पेरणी सप्टेंबरात सुरू होते.

– एक ज्वारी उत्पादक, मंगळवेढा