आमदारसाहेब, हिशेब द्या!

निवडणुकीपूर्वी महिनाभर गल्लीगल्लीतून हात जोडीत हिंडणारा गृहस्थ निवडून आल्यावर सभागृहात किती दिवस बसतो? हा प्रश्न आम्ही विचारला की आमदारांचे अनुयायी संतापतात. त्यांनी खुशाल संतापावे. तो आपल्या भाषेचा आहे, त्याला सांभाळून घ्या, असेही आम्हांस सुचविले जाते. आपला आहे म्हणूनच त्याचा हिशेब आधी!

घटनेच्या १९० व्या कलमान्वये सभागृहाच्या परवानगीवाचून ६० दिवस गैरहजर राहणाऱ्या आमदाराची जागा रिक्त जाहीर करता येते. 'करता येते'; करावीच लागते असे नव्हे. त्यातही सभागृह लागोपाठ चाराहून अधिक दिवस तहकूब असेल, तर ते दिवस मोजावयाचे नाहीत. एकोणसाठ दिवस घरी बसून साठाव्या दिवशी दर्शन देणाऱ्याचे हे कलम काय वाकडे करणार? हजेरीपटावरील सही माणूस आल्याचा पुरावा. तो बसल्याचा नव्हे. २०१२ साली सुवर्णविधानसौध बेळगावच्या वेशीवरच उभे राहिले आहे. तेथे अधिवेशन भरले की आपला आमदार बाकावर आहे की उपाहारगृहात, हे पाहण्यास बंगळूर गाठावयास नको.

मताची कथा याहून विचित्र. आवाजी मतदानात 'होय'चा गजर कोणाच्या कंठातून निघाला, याची नोंदच राहत नाही. नावानिशी मत नोंदले जाते ते विभागणी झाली तरच. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत विरोधकांनी विभागणी मागितली असताही दोन कृषिविधेयके आवाजी मतानेच संमत झाली!

राहता राहिला पैसा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयामुळे उमेदवारास मालमत्ता जाहीर करावी लागते. प्रतिज्ञापत्रातील रकाने कोरे सोडता येणार नाहीत, हेही त्याच न्यायालयास २०१३ मध्ये बजावावे लागले. पण हे सारे निवडणुकीपुरते. कर्नाटकाच्या १९८४ च्या लोकायुक्त कायद्याचे २२ वे कलम मात्र दर वर्षी ३० जूनपूर्वी आमदाराने स्वतःच्या व कुटुंबीयांच्या मालमत्तेचे व देण्याचे विवरण सादर करावे, असे सांगते. कसूर करणाऱ्याविषयी अहवाल जातो. त्यानंतरही दोन महिन्यांत विवरण न आल्यास त्याचे नाव वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावयाचे, अशी तरतूद आहे. किती मतदारांस हे ठाऊक आहे?

इतकी वाट आम्ही का पाहावी? मराठी मतांवर निवडून आलेल्या प्रत्येकाने या विवरणाची प्रत आमच्या कचेरीत पाठवावी. आम्ही ती विनामूल्य छापू. न पाठविणाऱ्यांची नावेही छापू, तीही विनामूल्य.