‘एनी अपडेट?’ पाठवण्याआधी

ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या कुठल्याही सोसायटीत आज आयटीतली दोन-चार मुलं सापडतातच. ऑफिसात ती जी ओपन सोर्स पॅकेजेस वापरतात, त्यातली कित्येक कुणीतरी आपली नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक पैसा न घेता चालवत असतं. ही विनंती त्या मुलांना आहे आणि स्वतः पॅकेज सांभाळणाऱ्यांनाही.

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ‘सर, नॉट वर्किंग, प्लीज फिक्स अर्जंट’ असं टाइप करू नका. ऑफिसात पोहोचा आणि मग लिहा: आवृत्ती कोणती, कोणती कमांड दिली, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एवढं दिलंत तर समोरच्याचा अर्धा तास वाचतो. दोन दिवसांनी ‘एनी अपडेट?’ विचारण्यापेक्षा एखादी चाचणी करून तिचा निकाल कळवा. तो माणूस तुमचा व्हेंडर नाही.

तगादा किती महागात पडतो, हे ‘एक्सझेड’ने दाखवलं. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणारं हे फाइल आकसवण्याचं साधन फिनलंडचे लासे कॉलिन मुख्यतः एकट्याने सांभाळत. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे घाई लावली. तब्येत ठीक नाही, शिवाय हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्यांनी सांगूनही टोचणी थांबली नाही. शेवटी मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या व्यक्तीकडे अधिकार गेले आणि २०२४ मध्ये त्यातून चोरदरवाजा बसवला गेला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खोदत बसलेल्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्चला तो उघड केला. घाई करणारी ती नावंही बनावटच असावीत, असा दाट संशय आहे.

उलट टोकाला, ओपन सोर्सला हातभार लावण्यासाठी ऑक्टोबरभर चालणारा उपक्रम, २०२० चा हॅकटोबरफेस्ट. फुकट टी-शर्टासाठी लोकांनी निरर्थक पुल रिक्वेस्टचा, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या प्रस्तावांचा, असा पाऊस पाडला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला. त्यात आपल्याकडची मुलंही होती. रिझ्युमेसाठी हे करणाऱ्यांनी एवढंच बघावं की प्रत्येक रिक्वेस्ट कुणालातरी वाचावी लागते.

आता पॅकेज सांभाळणाऱ्यांनी, म्हणजे मेंटेनरांनी, आपापसात कसं वागावं? पाडव्याच्या स्वागतयात्रेत दुसऱ्या मंडळाचा चित्ररथ न विचारता रंगवायला घेतला, तर डोंबिवलीत काय होईल ते सांगायला नको. डेबियन या लिनक्स वितरणात यावर छान रीत आहे. दुसऱ्याच्या पॅकेजात दुरुस्ती करायची, तर आधी बग नोंदवून पॅच तिथे लावायचा आणि मग अपलोड लगेच न सोडता गरजेप्रमाणे दोन, पाच, दहा दिवसांच्या रांगेत ठेवायचं. मूळ मेंटेनरला हरकत घ्यायला तेवढा वेळ मिळतो. तो गप्प राहिला तरी काम अडत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही.

खरी पंचाईत होते ती भिडेखातर गप्प बसणाऱ्यांमुळे. ‘बघतो’ म्हणायचं आणि सहा महिने फिरकायचं नाही, ही आपली जुनी सवय. त्यापेक्षा ‘मला जमत नाही’ म्हटलेलं कुणालाही चालेल. डेबियनमध्ये पॅकेज रीतसर सोडून देता येतं, नवा सांभाळणारा हवा अशी नोंद करता येते, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

तुमच्या नावावर असं काही पडून असेल, तर येत्या रविवारी मेगाब्लॉकमुळे घरीच असाल तेव्हा ‘मला जमत नाही’ एवढी एक ओळ लिहून टाका.