१० रुपयांचा कपॅसिटर

टीव्ही दुरुस्त करणारा माणूस लबाडच असतो, असे आपल्या समाजाने जवळजवळ ठरवूनच टाकले आहे. '१० रुपयांचा कपॅसिटर बदलला आणि ५०० रुपये घेतले,' ही तक्रार प्राध्यापकांच्या खोलीतही ऐकू येते आणि आमच्या आळीतही. मला हा हिशेब अपुरा वाटतो. कपॅसिटर १० रुपयांचा खरा. परंतु एवढ्या भागांतून नेमका तोच बिघडला आहे, हे ओळखण्याचे मोल किती? डॉक्टर काही गोळ्यांच्या किमतीवर फी घेत नाहीत, आणि ते आपण मुकाट्याने मान्य करतो.

आमच्या घरात कॉलेज पाहणारा मी पहिलाच. मामा तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे दुकान चालवतात; सुट्टीत मी तिथे बसतो. आवाज येतो पण चित्र नाही, असा एलईडी संच आला की ते दिवे मालवून पडद्यावर बॅटरी धरतात. पुसटसे चित्र हलताना दिसले म्हणजे पॅनल शाबूत, बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्या. मग ते नाजूक पॅनल उचलून बाजूला ठेवायचे. चीर गेली तर नुकसान मामांचे, आणि नव्या पॅनलची किंमत अशी की त्यापेक्षा नवा संच बरा! एवढे करून तपासणीचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणते, "नुसते बघायचे कसले पैसे?" खोटेपणाची सुरुवात इथे होते. ज्ञानाचे पैसे मिळत नाहीत म्हणून कारागीर ते सुट्या भागाच्या किमतीत लपवतो. आणि लपवायची सवय लागली की लोभाला मर्यादा राहत नाही. न बदललेल्या भागाचे पैसे लावणारे महाभाग या धंद्यात आहेतच. त्यांची वकिली मी करणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, २०१९ साली नवा झाला. पैसे देऊन करून घेतलेल्या दुरुस्तीची तक्रार जिल्हा आयोगापुढे नेता येते. पण पावतीच नसेल तर तिथे मांडायचे काय? पावती मागणारे गिऱ्हाईक मी मामांच्या दुकानात क्वचितच पाहिले.

तपासणीचा दर दर्शनी फळ्यावर लिहावा. काम हाती घेण्यापूर्वी अंदाजे खर्च सांगावा. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा आणि पावतीवर मजुरी वेगळी लिहावी, असे मी मामांना सुचवले. ते हसून म्हणाले, "फळा लावतो रे, पण समोरचा 'तपासणी मोफत' लिहील, त्याचं काय?" शंका रास्त आहे. एकट्याने हे व्हायचे नाही. पण साध्या सलूनमध्येसुद्धा संघटनेचे दरपत्रक भिंतीवर टांगलेले असते. मेकॅनिक मंडळींना तेवढे एकत्र बसणे का जमू नये?