गच्चीच्या हिशेबात हातमोजेही धरा

मृग जवळ आला की खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावांत गच्चीच्या गळतीची कामे निघतात. कुठे स्लॅबच्या भेगांत तापवलेले डांबर ओततात, कुठे गॅसच्या ज्योतीने डांबरी शीट चिकटवतात. घरमालक डांबर, गॅस आणि मजुरीचा हिशेब करतो. मजुराच्या बूट-हातमोज्यांचा मात्र कोणीच करत नाही. तो घरमालकानेच करायला हवा.

कारण अशा कामावर बाहेरून लक्ष ठेवणारे कोणी नसते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, तो दहा किंवा अधिक मजुरांच्या कामांसाठी. स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम त्यातून वगळलेले होते. दोन-तीन मजुरांची गच्ची त्यात बसत नव्हती.

उकळते पाणी १०० अंशांचे असते, ओतण्याजोगे डांबर साधारण १५० ते २०० अंशांचे. पाणी ओघळून जाते; डांबर कातडीला चिकटून भाजतच राहते. पॉलिस्टरचा शर्ट असेल तर तोही वितळून चिकटतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, उष्णता अडवणारे लांब हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे चामडी बूट, त्यांवरून सोडलेली पँट आणि चेहऱ्यापुढे पारदर्शक कवच एवढे हवेच. उन्हात हे अंगावर नको वाटते, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे काम सकाळी लवकर उरकणे आणि सावली व पिण्याचे पाणी जवळ ठेवणे. बूट काढून ठेवणे नव्हे. तापलेल्या डांबरात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. त्याची क्षणात वाफ होते आणि डांबर उसळून अंगावर येते.

तरीही कोणी भाजले, तर त्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडा. अंगठी, कडे लगेच काढा. चिकटलेले डांबर ओढून काढू नका, त्याबरोबर कातडीही निघते. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नका. स्वच्छ कापड झाकून १०८ ला फोन करा. डांबर डॉक्टर काढतील.

गच्चीचे काम देताना आपण दर विचारतो. त्याच वेळी ‘बूट-मोजे आणलेत का?’ हेही विचारावे. नसतील तर त्याचे पैसे वेगळे द्यावेत आणि काम एक दिवस पुढे ढकलावे. पाऊस एक दिवस थांबेल की नाही सांगता येत नाही, पण भाजलेल्या हाताची मजुरी कित्येक आठवडे थांबते.